ड्रॉइंग पाषाणचे, नळी अंबाझरीची

१८१७ सालचा नोव्हेंबर महिना मराठी इतिहासात दोन पराभवांसाठी ओळखला जातो. ५ नोव्हेंबरला पुण्याजवळ खडकीच्या मैदानात बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या पेशव्यांच्या फौजेला माघार घ्यावी लागली. पुढे तीनच आठवड्यांनी, २६ आणि २७ नोव्हेंबरला, नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची तीच गत झाली. दोन्हीकडे इंग्रजांनी आपली छावणी बसवली. पुण्याकडे ती खडकीलाच बसली. नागपूरकडे ती शहराबाहेर, कन्हान नदीच्या काठी कामठीला १८२१ मध्ये उभी राहिली.

या दोन छावण्यांचे पुढे जे झाले, त्यात स्वतंत्र भारताच्या शस्त्रनिर्मितीची गोष्ट दडलेली आहे. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आला, त्यामागून शस्त्रांची तपासणी करणाऱ्या कचेऱ्या आल्या आणि १९५८ मध्ये तिथेच 'शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना' जन्माला आली. सगळे तिला एआरडीई म्हणतात. पुढे ती पाषाणला गेली. कामठी मात्र शिपायाचीच राहिली. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे केंद्र आहे. या दोन टोकांच्या मध्ये, अंबाझरी, भंडारा आणि चांदा या पट्ट्यात, साठच्या दशकात दारूगोळ्याचे कारखाने उभे राहिले.

एआरडीईचा इतिहास सहसा दिल्लीच्या फायलींतून किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेतून सांगितला जातो. तो कन्हानच्या काठावरून पाहिला तर वेगळा दिसतो. शस्त्राच्या मागे तीन माणसे असतात: आखणारा, घडवणारा आणि वापरणारा. एआरडीईची सहा दशकांहून अधिक काळाची वाटचाल म्हणजे या तिघांमधल्या अंतराचा इतिहास आहे. जेव्हा हे अंतर कमी झाले तेव्हा शस्त्र जमले. जेव्हा वाढले तेव्हा ते अडले. आणि या तिघांपैकी एकाचे नाव त्या इतिहासात जवळजवळ येतच नाही.

कारखाने होते, कागद नव्हते

हिंदुस्थानात शस्त्रांचे कारखाने जुनेच. कलकत्त्याजवळ काशीपूरला तोफांचा कारखाना १८०१ मध्ये स्थापन झाला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. इच्छापूरला आधी दारूचा आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफलींचा कारखाना निघाला. म्हणजे शस्त्रे घडवणारे हात इथे दीड-दोनशे वर्षांपासून आहेत.

पण हे हात काय घडवतील ते इंग्लंडात ठरत असे. तिथे एखादे शस्त्र मंजूर झाले की त्याचा नमुना मोहोर लावून ठेवला जाई. त्याबरहुकूम ड्रॉइंग इथे येत. कारखान्याने त्या ड्रॉइंगशी जुळणारा माल काढायचा आणि तपासणी कचेरीने गेज लावून तो पास किंवा नापास करायचा. अमुक भागाची जाडी इतकीच का, अमुक पोलाद तेच का, हे प्रश्न या साखळीत कुणी विचारायचे नसत. कारागीर कसबी होता, तपासनीस काटेकोर होता, पण आखणारा सातासमुद्रापार होता.

वापरणाऱ्याचे दुःख त्याहून निराळे. १८५७ नंतर इंग्रजांनी एक धडा पक्का गिरवला. काही पहाडी तोफखाने आणि अशाच थोड्या तुकड्या सोडल्या तर तोफखाना हिंदी माणसाच्या हाती ठेवायचा नाही, आणि हिंदी शिपायाला बंदूक द्यायची ती गोऱ्या शिपायाच्या बंदुकीपेक्षा एक पिढी मागची. कामठीसारख्या छावणीत गोरी पलटण आणि काळी पलटण शेजारी राहत. दोघांचे शत्रू एकच, कवायत एकच, पण हातातले हत्यार वेगळे. शस्त्राच्या दर्जातच राज्यकर्त्याचा अविश्वास कोरलेला होता.

दुसऱ्या महायुद्धाने या व्यवस्थेला धक्का दिला. इंग्लंडहून माल येण्याची खात्री राहिली नाही. पूर्वेकडची आघाडी जवळ आली. कारखाने रात्रंदिवस चालू लागले, नवे निघाले. खडकीतच १९४० मध्ये उच्च स्फोटकांचा कारखाना सुरू झाला. उत्पादन वाढले. संशोधन मात्र तिथल्या तिथेच राहिले.

तपासनिसांच्या घरात जन्मलेली संस्था

स्वातंत्र्यानंतर पहिल्याच वर्षी नेहरूंनी इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडून संरक्षण आणि विज्ञान यांविषयी सल्ला घेतला. ब्लॅकेट यांनी महायुद्धात लष्करी कारवायांचे गणिती विश्लेषण केले होते. १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. त्याच वर्षी 'डिफेन्स सायन्स ऑर्गनायझेशन' स्थापन झाली आणि दिल्ली विद्यापीठातले दौलतसिंह कोठारी संरक्षणमंत्र्यांचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. १९५२ मध्ये पुण्यात अधिकाऱ्यांना शस्त्रविद्या शिकवणारी संस्था निघाली. तीच आजची गिरिनगरची डीआयएटी.

१९५८ मध्ये कोठारींची ही वैज्ञानिक संघटना आणि लष्कराच्या तांत्रिक विकास आस्थापना एकत्र करून संरक्षण संशोधन आणि विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, तयार झाली. सुरुवातीला तिच्या पदरी जेमतेम दहा आस्थापना होत्या. एआरडीई त्यांपैकी एक. रायफल, तोफ, गोळा, फ्यूज, सुरुंग, अग्निबाण असे सगळे तिच्या वाट्याला आले. स्फोटके आणि प्रणोदके यांची रसायनविद्या मात्र शेजारच्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेली. तिचे मूळ १९०८ मध्ये नैनितालला निघालेल्या रासायनिक परीक्षकाच्या प्रयोगशाळेत आहे. १९६० च्या सुमारास ती पुण्यात आली आणि आज एचईएमआरएल, म्हणजे उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा, म्हणून ओळखली जाते.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. एआरडीई विद्यापीठाच्या पोटी जन्मली नाही. ती तपासणी कचेऱ्यांच्या घरात जन्मली. तिथल्या पहिल्या पिढीला दुसऱ्याने केलेल्या वस्तूत दोष शोधायची सवय होती. स्वतः कोऱ्या कागदावर वस्तू आखायची सवय नव्हती. तपासनिसाच्या डोळ्याला सहनशीलता, पोलादाचा दर्जा, काडतुसाचा दाब हे सगळे नेमके ठाऊक असते. पण 'हे असे का?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वहीत नसते. संस्थेची पहिली दहा-पंधरा वर्षे हे उत्तर मिळवण्यात गेली. त्यासाठी तिने जो मार्ग धरला तो नकलेचा होता.

नकलेतून शिकलेला धडा

१९६२ च्या चीन युद्धात आपले पायदळ प्रामुख्याने पॉइंट ३०३ रायफल घेऊन नेफा आणि लडाखमध्ये उभे होते. ही बोल्ट-अॅक्शन रायफल. प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागे-पुढे करायचा, मगच दुसरी गोळी. मूळ रचना एकोणिसाव्या शतकातली. बंदूक भरवशाची, पण समोर अर्धस्वयंचलित हत्यारे असताना तिच्यावर भिस्त ठेवणे शिपायाला महाग पडले.

त्याआधीच एआरडीईने बेल्जियमच्या एफएएल या प्रसिद्ध रायफलीचा अभ्यास हाती घेतला होता. तिच्या दोन शाखा जगात होत्या. मूळ बेल्जियन रचना मीटर-मापातली होती आणि इंग्रजांनी व राष्ट्रकुलातल्या देशांनी घेतलेली रचना इंचाच्या मापातली. भारतीय अभियंत्यांनी नमुने सुटे केले, मोजले, काही गोष्टी इकडच्या घेतल्या, काही तिकडच्या, आणि दोन्हींच्या मिश्रणातून ७.६२ मिलिमीटरची १ए एसएलआर तयार केली. मूळ कंपनीचा परवाना त्यामागे नव्हता. इच्छापूरच्या कारखान्यात ती बनू लागली आणि पुढे तीनेक दशके ती भारतीय शिपायाच्या खांद्यावर राहिली. १९६५, १९७१, त्यानंतरच्या साऱ्या मोहिमा तिने पाहिल्या.

नक्कल हा शब्द आपल्याकडे कमीपणाचा आहे. पण दोन देशांच्या मापांमधून तिसरी चालणारी वस्तू काढायची, तर प्रत्येक भाग असा का आहे हे समजल्याशिवाय भागत नाही. गॅस किती वाटेने सोडायचा, स्प्रिंग किती ताठ ठेवायची, चेंबरला किती जागा द्यायची, हे सारे पुन्हा मांडावे लागते. तपासनिसाच्या घरातली संस्था इथे पहिल्यांदा आखणाऱ्याच्या खुर्चीत बसली.

१९६२ च्या पराभवाचा दुसरा परिणाम आपल्या विदर्भाने अनुभवला. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्याच महिन्यात संरक्षण उत्पादन विभाग वेगळा निघाला. कारखान्यांची नवी फळी उभारायचे ठरले. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती, नागपूरला अंबाझरी आणि खानदेशात वरणगाव ही नावे या फळीतली. जागा अशीच का, हे नकाशा पाहिला की समजते. सीमेपासून हा मुलूख सगळ्यात लांब. मुंबई, हावडा, दिल्ली, मद्रास या चारही दिशांचे लोहमार्ग नागपुरात येतात. कोळसा इथलाच, पाणी इथले, आणि स्फोटकांच्या कारखान्याला लागते तशी मोकळी जमीनही होती. कन्हानच्या पुलावरून हावड्याकडे जाणारी गाडी पुढे भंडारा रोडला पोचते. जवाहरनगरचा कारखाना तिथून जवळच.

नागपूरकरांनी या वसाहतींना सुटसुटीत नाव दिले. अंबाझरीच्या कारखान्याचा परिसर म्हणजे 'डिफेन्स'. डिफेन्सची नोकरी म्हणजे क्वार्टर, शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन. आयटीआय करून फिटर, टर्नर, मशिनिस्ट झालेल्या हजारो मुलांच्या घरात या नोकरीने पहिला पगार आणला. शेती आणि खाण यांच्यापलीकडचे जग अनेक कुटुंबांना या फाटकातून दिसले. शस्त्राच्या इतिहासात ही गोष्ट येत नाही. पण या कारखान्यांचा विदर्भावरचा सर्वांत खोल ठसा हाच आहे.

तोफ जमली, रायफल अडखळली

सत्तरच्या दशकात एआरडीईने १०५ मिलिमीटरची 'इंडियन फील्ड गन' आखली. इंग्रजांची पंचवीस पौंडी तोफ तोवर आपल्या तोफखान्याचा कणा होती. तिचा पल्ला बारा किलोमीटरच्या आसपास. नव्या तोफेचा सतरा. ती जबलपूरच्या तोफगाडा कारखान्यात बनली आणि अनेक दशके सैन्यात राहिली. ज्या देशातल्या शिपायाला १८५७ नंतर तोफेजवळ फिरकू दिले जात नव्हते, त्या देशाने आपल्या सैन्यासाठी मैदानी तोफ स्वतः आखली होती. शतकभराचा हा हिशेब होता. त्याची दखल मात्र फारशी कुणी घेतली नाही.

ऐंशीच्या दशकात पुढचे काम आले: एसएलआरची जागा घेणारी ५.५६ मिलिमीटरची शस्त्रमालिका. रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन यांचे एक कुटुंब असावे, सुटे भाग एकमेकांना चालावेत, अशी कल्पना होती. हीच इन्सास. नव्वदच्या दशकात ती सैन्यात आली आणि १९९९ मध्ये कारगिलच्या उंचीवर तिची खरी परीक्षा झाली. थंडीत प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जाणे, मध्येच गोळीबार अडकणे अशा तक्रारी आल्या. त्यांतल्या काहींवर उपाय झाले. पण नाव जे एकदा गेले ते गेलेच. कार्बाइन तर वर्षानुवर्षे रेंगाळली. २०१९ मध्ये सैन्याने अमेरिकी सिग सॉअर कंपनीच्या ७२,४०० रायफलींची मागणी नोंदवली आणि त्यानंतर रशियन रचनेची एके-२०३ अमेठीत बनू लागली.

तोफ जमते आणि रायफल अडखळते, असे का? तोफ थोड्या, प्रशिक्षित हातांत असते. रायफल लाखो हातांत जाते. ती चिखलात पडते, बर्फात गोठते, थकलेला माणूस तिच्यावर राग काढतो. प्रत्येक शिपाई तिचा तपासनीस असतो. इतक्या तपासनिसांचे म्हणणे आखणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचायला बराच काळ जातो, आणि कारखान्यातल्या मालाचा दर्जा दिवसागणिक सारखा ठेवणे हे वेगळेच काम. एसएलआरच्या वेळी नमुना जगात सिद्ध झालेला होता. इन्सासच्या वेळी सिद्ध करण्याची जबाबदारी स्वतःवर होती, आणि तिघांमधले अंतर मोठे होते.

याच्या उलट एक छोटे उदाहरण अलीकडचे. जानेवारी २०२१ मध्ये 'अस्मी' ही नऊ मिलिमीटरची मशीन पिस्तूल जाहीर झाली. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी ती मिळून चार महिन्यांत तयार केली. वापरणारा आणि आखणारा एका टेबलाशी बसले होते. वस्तू लहान होती, हे खरे. पण चार महिने आणि दोन दशके यांतला फरक केवळ आकाराचा नसावा.

पिनाकाचे तीन काठ

एआरडीईच्या नावावर आज सर्वांत मोठे यश कोणते म्हटले तर ते पिनाका. शिवाच्या धनुष्याचे नाव घेतलेली ही बहुनळी अग्निबाण प्रणाली. सैन्याकडे त्याआधी सोव्हिएत बनावटीची ग्रॅड होती, १२२ मिलिमीटरची, वीसेक किलोमीटर पल्ल्याची. त्याहून दूर मारणारे काही हवे होते. १९८६ च्या अखेरीस प्रकल्पाला मंजुरी मिळाली. पहिल्या पिनाकाचा व्यास २१४ मिलिमीटर, पल्ला सुमारे ३८ किलोमीटर. एका गाडीवर बारा नळ्या, आणि बाराही अग्निबाण ४४ सेकंदांत सुटतात. सहा गाड्यांची एक बॅटरी पाऊण मिनिटात ७२ अग्निबाण फेकते. त्यानंतर लगेच जागा बदलायची, कारण शत्रूचा उलट मारा त्याच ठिकाणी येणार. कारगिलच्या लढाईत तिला चाचणीच्या अवस्थेतच पुढे नेण्यात आले आणि २००० पासून तिच्या रेजिमेंट उभ्या राहू लागल्या.

तोफेत दाब सोसते ती तोफेची जाड नळी. अग्निबाणाच्या बाबतीत ते काम त्याच्या स्वतःच्या पातळ कवचाला करावे लागते, आणि तेही उडता उडता. कवच जाड केले तर वजन वाढून पल्ला घटतो. पातळ केले तर फुटण्याची भीती. म्हणून अशा नळ्या 'फ्लो फॉर्मिंग' पद्धतीने करतात. आखूड, जाड नळी एका दांड्यावर चढवून फिरवायची आणि बाहेरून रुळांनी दाबत न्यायची. धातू लांबीच्या दिशेने वाहत जातो, भिंत पातळ होते, नळी लांब होते, आणि कुठेही जोड न देता बळकटी वाढते. कुंभार चाकावर मातीची भिंत वर ओढतो, त्याची आठवण यावी असे हे काम. फरक एवढाच की इथे चुकीला मिलिमीटरच्या अंशाचीही सवलत नाही. हे काम अंबाझरीचे.

नळीत भरायचे ते घन इंधन. पिनाकाचे इंधन एचईएमआरएलने विकसित केलेल्या मिश्र प्रकारातले. त्यात अमोनियम परक्लोरेट प्राणवायू पुरवते, अॅल्युमिनियमची पूड उष्णता वाढवते आणि रबरासारखा एक बहुलक सगळ्यांना बांधून ठेवतो. हा लगदा साच्यात ओततात आणि मंद उष्णतेत घट्ट होऊ देतात. आत बुडबुडा राहिला किंवा भेग पडली तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि अग्निबाण वाटेतच फुटतो. म्हणून क्ष-किरणांनी तपासणी. इंधनाचे काम इटारसीला झाले, भराईसाठी चांद्याच्या कारखान्याचे हात लागले, आणि अग्निबाण सोडणाऱ्या गाड्यांचे काम लार्सन अँड टुब्रो आणि टाटा यांच्याकडे गेले.

पाषाणचे ड्रॉइंग, सुतारवाडीचे रसायन, अंबाझरीची नळी, इटारसीचे इंधन, चांद्याची भराई, पोखरणची चाचणी आणि शेवटी सैन्याची रेजिमेंट. या माळेतला एक मणी सैल झाला तर माळ तुटते. पिनाकाला मंजुरीपासून सैन्यात यायला चौदा वर्षे लागली, आणि या वर्षांतले पुष्कळसे काम ड्रॉइंग पूर्ण झाल्यावरचे होते. प्रयोगशाळेत दहा अग्निबाण करणे वेगळे आणि दरवर्षी हजार करणे वेगळे. हजारावा अग्निबाण पहिल्यासारखाच असला पाहिजे, ही अट प्रयोगशाळेला पुरी करता येत नाही. ती कारखाना पुरी करतो. पिनाका यशस्वी झाली ती आखणारा आणि घडवणारा वर्षानुवर्षे एकमेकांकडे जात-येत राहिले म्हणून, असे मला वाटते.

हिशेबाबाहेरची माणसे

२४ जानेवारी २०२५ च्या सकाळी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले. आठ कामगारांचा त्या दिवशी मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. त्याआधी ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडाराला आग लागली. त्यात दोन अधिकाऱ्यांसह सोळांहून अधिक जण गेले. बरेचसे अग्निशमन दलाचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या एका खासगी स्फोटक कारखान्यात नऊ कामगार मरण पावले, त्यांत स्त्रियाही होत्या.

पिनाकाच्या चाचणीचे छायाचित्र पहिल्या पानावर येते. अग्निबाणाच्या शेपटीची ज्वाळा, खाली संस्थेचे नाव, संचालकांचे अभिनंदन. स्फोटाची बातमी चार दिवस चालते आणि मग चौकशी समितीच्या स्वाधीन होते. पण दोन्ही बातम्या एकाच वस्तूच्या आहेत. प्रणोदक आणि स्फोटक यांच्याशी रोज हातमिळवणी करणारा माणूस युद्ध नसतानाही आघाडीवर असतो. तो सुती कपडे घालून, काडीपेटी फाटकावर ठेवून, पायातल्या जोड्याला खिळा नाही याची खात्री करून आत शिरतो. शिपायाला शौर्यपदक आहे, शास्त्रज्ञाला पुरस्कार आहे. या तिसऱ्याला नुकसानभरपाई आहे.

शस्त्र म्हटले की दुसराही एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या नागपुरात १९५६ साली दीक्षाभूमीवर लाखोंनी बुद्धाचा मार्ग पत्करला, त्याच शहराच्या कडेला अग्निबाणाची नळी फिरते. कामठीत छावणीपासून थोड्याच अंतरावर ड्रॅगन पॅलेसचे बुद्धमंदिर आहे. या सान्निध्यात मला ढोंग दिसत नाही. शस्त्र कशासाठी, किती आणि कुणावर, हा निर्णय कारखान्यात होत नाही. पण निर्णय घेणाऱ्यांनी त्या शस्त्राची किंमत पुरती मोजायची, तर जवाहरनगरचे ते आठ जण हिशेबात धरावे लागतात.

नवी वाटणी

१ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झाले. ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. चांदा, भंडारा, वरणगाव, खडकी हे पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. अंबाझरी यंत्र इंडियाकडे गेली आणि तिचे मुख्यालय नागपूरलाच झाले. कामगार संघटनांनी विरोध केला. त्याच वर्षी अत्यावश्यक संरक्षण सेवांत संपाला बंदी घालणारा कायदा आला. एकाच माळेतले मणी आता वेगवेगळ्या कंपन्यांच्या ताळेबंदात आहेत.

दुसरीकडे ड्रॉइंगही आता फक्त सरकारी कारखान्याकडे जात नाही. १५५ मिलिमीटरची एटीएजीएस ही ओढतोफ २०१३ च्या आसपास एआरडीईने भारत फोर्ज आणि टाटा यांना सोबत घेऊन आखायला सुरुवात केली. २०१७ मध्ये पोखरणला तिचा गोळा ४८ किलोमीटरपर्यंत गेला. २०२० मध्ये तिथेच चाचणीत एक नळी फुटून काही जण जखमी झाले. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा, सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार झाला. त्याआधी महिनाभर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पिनाकाच्या दारूगोळ्यासाठी १०,१४७ कोटींचे करार झाले. त्यांत म्युनिशन्स इंडियासोबत नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज ही खासगी कंपनीही होती. अग्निबाण अजूनही विदर्भातच बनणार आहेत. घडवणारा मात्र आता कुणी सरकारी नोकर, कुणी कंपनीचा कायम कामगार, तर कुणी कंत्राटी मजूर आहे.

यातून शस्त्र लवकर तयार होईल, अशी चिन्हे आहेत. खासगी कारखान्याला मागणी हवी असते आणि ती मिळवायला तो आखणाऱ्याच्या दारात उभा राहतो. पण अंतर फक्त पाषाण आणि कारखाना यांच्यातच मोजून चालणार नाही. कारखान्याच्या आत, व्यवस्थापक आणि भराई करणारी बाई यांच्यातही ते मोजायला हवे. ड्रॉइंगवर जशी मापाची सहनशीलता लिहिलेली असते, तशी एका खोलीत एका वेळी किती माणसे आणि किती स्फोटक असावे याची मर्यादाही लिहिलेली असते. पहिली पाळली की अग्निबाण नीट उडतो. दुसरी पाळली की माणूस संध्याकाळी घरी जातो. दोन्ही एकाच कागदाचे भाग मानले जायला हवेत.

प्रयोगशाळा आपला इतिहास लिहितात. वर्धापनदिनाला स्मरणिका निघतात, संचालकांची यादी भिंतीवर लागते. रेजिमेंटला आपला इतिहास असतो, कामठीच्या छावणीतही तो जपलेला आहे. कारखान्यांचा इतिहास मात्र निवृत्त माणसांच्या डोक्यात आहे. साठच्या दशकात विशीत रुजू झालेली पिढी आज ऐंशीच्या पुढे गेली आहे. पहिली नळी कितव्या प्रयत्नात तडा न जाता निघाली, पुण्याहून आलेल्या ड्रॉइंगमध्ये फोरमनने कुठे पेन्सिलने खूण केली, आणि ती खूण पुढच्या ड्रॉइंगमध्ये उतरली का, हे त्यांनाच माहीत आहे. वाडी, जवाहरनगर, भद्रावती, वरणगाव इथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी दोन-तीन वर्षे मनावर घेतले, तर गोपनीयतेला धक्का न लावता त्यांच्या आठवणी टिपून ठेवता येतील. काम मोठे आहे, पण खर्चाचे नाही. एक वही, एक ध्वनिमुद्रक आणि वाड्यावस्त्यांवर जायची तयारी एवढे त्याला पुरे.